संमतीचा दुसरा फॉर्म

तिकोणा पेठ,
६ नोव्हेंबर २०२५

चि. स्नेहलला रतनमावशीचे अनेक आशीर्वाद.

व्हय गं बाई, मिळाला तुज्या कंपनीचा फॉर्म, आन सही करून लगेच परत बी धाडला. पोस्टमन बाजीरावाला हितंच बसवून च्या पाजला आन त्याच्या हातात दिला. आता परत परत इचारू नगंस.

कोइमतूरला सा म्हैने जाऊन साचे बनवायला शिकायचं, आन आल्यावर टूलरूममधी कायम, आसं तू लिवलंस. शेजारच्या कैलासला इचारलं, ह्ये कोइमतूर कुटं आलं? तो म्हनला, लय लांब, तितं मराठी कुनी बोलत न्हाई. मंग तू भांडशील कुनासंगं? भांडल्याबिगर तुला जेवान जात न्हाई. तुजी आई गेल्यापास्नं म्या वाढवलीया तुला, मला ठावं हाय.

आन ह्यो मुकुल कोन? पत्रात तीनदा आलाय.

फोन करू नगंस. फोन कैलासचा, तो स्पीकरवर ठेवतो, आन समदी आळी कान लावून बसती. हितं भात कापून झालं. लोभ आसंल तेवढा ठेव, कमी पडला तर मागून घेईन.

तुजी मावशी

नवलाख उंबरे,
११ नोव्हेंबर २०२५

ती. रतनमावशीस, शि. सा. न. वि. वि.

मावशे, माझं डोकंच चालेना. ऑफिसातल्या चंद्रिका मॅडमनी बोलावून सांगितलं की फॉर्म आला, पण तो चालणार नाही. का, ते सांगेनात. मी बघायला मागितला तर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. म्हणाल्या, दुसरा पाठवते, तू आधी घरी नीट बोलून घे. महिनाअखेरीला यादी बंद होणार आहे.

तू सही कुठं केलीस? आधार कार्डावर आहे तसंच नाव लिहिलंस ना? का तेल सांडलं त्याच्यावर? सांडलं असलं तरी सांग, मी रागावणार नाही.

मुकुल माझ्याबरोबर पत्रा ठोकायच्या प्रेसवर आहे, त्याचीही निवड झालीय. त्याच्या घरी फॉर्म गेलाच नाही. पोरांना लागत नाही म्हणे. मी चार वर्षं प्रेसवर काढली, साचा कुठं घासतोय ते आवाजावरून सांगते, तरी घरच्यांची सही एकट्या माझ्यासाठीच पाहिजे. त्या टूलरूममध्ये आजवर एकही बाई नाही, मावशे. ही यादी चुकली तर परत कधी निघेल, सांगता येत नाही.

आणि मुकुलचं नाव दोनदाच होतं, मोजून बघ. माया आहे तशीच राहू दे.

तुझी स्नेहल

तिकोणा पेठ,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. स्नेहलला आशीर्वाद.

आता म्या काय सांगू? मला बी काय उमगंना. कोंबडी चालत गेली आसंल फॉर्मावरनं. न्हाईतर मॅडमला माजं अक्षर आवडलं नसंल. आमच्या मास्तरांना बी कंदी आवडलं न्हाई. दुसरा फॉर्म काल आलाय. चष्मा घावला की बगते.

कैलास म्हनत व्हता, पोरीच्या जातीनं मशिनीत हात घालावा का, बोटं गेली मंजी लगीन कोन करील? म्या त्याला म्हनलं, तुजी धाई बोटं हाईत, तू काय दिवं लावलंस? तुजे काका गेले तवा तू नववीत व्हतीस. म्या रडत बसलेले, आन तू इहिरीवरची मोटार खोलून बसलीस. दिवस मावळायच्या आत पानी चालू केलंस. तवा ह्योच कैलास तोंडाचा आ करून बगत व्हता.

मुकुल दोनदा तर दोनदा. ह्या पत्रात बी दोनदा आला, ते मोजलंस का? म्हातारीवर जीव ऱ्हाऊ दे.

तुजी मावशी

नवलाख उंबरे,
२० नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

आता सगळा उलगडा झाला. तो फॉर्म कैलासदादानंच बिघडवला. बोटांची काळजी वाटते म्हणे! तू बाजीरावकाकांना चहा करत होतीस तेव्हा त्यानंच काहीतरी खरडलं असणार. तू नको म्हणाली होतीस तरी मी त्याला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. तुला स्वतःला काही जमलं नाही म्हणून जळतोस का, असंही विचारलं. तो नुसता बरं म्हणाला. चोरी पकडली की माणूस असाच गप्प होतो.

दुसरा फॉर्म त्याच्या नजरेला पडू देऊ नकोस. दहाच दिवस राहिलेत. एक तूच माझ्या बाजूची आहेस. अशीच राहा.

तुझी स्नेहल

तिकोणा पेठ,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. स्नेहलला आशीर्वाद.

तुजा फोन समद्या आळीनं ऐकला. कैलासनं त्या फॉर्माला हात बी लावल्याला न्हाई. सांच्याला आला, भाताची पोती घरात आनून ठेवली, आन च्या न घेता गेला. तवापास्नं मला जेवान गोड लागंना. त्याला परत फोन कर, आन आळीला ऐकू जाईल आशी माफी माग. म्या बी त्याच्या दारात जाऊन आले, काय सांगायचं ते सांगितलं.

दुसरा फॉर्म ह्या पत्रासंगं हाय. ‘पाठवायला हरकत नाही’ आसं ठळक लिवलंय, खाली सही. आज यष्टीनं कामशेतला जाऊन मीच पोस्टात टाकनार हाय. पोचला की तडक मॅडमच्या हातात दे. त्या बाईनं तुला येक संधी जास्ती दिली, तिला माजा नमस्कार सांग.

लोभ ठेवायचा का न्हाई, ते फुडचं वाचून ठरव. पयल्या फॉर्मावर ‘पाठवायची न्हाई’ आसं म्याच लिवलं व्हतं. मशिनीचं भ्या न्हाई, लोकांचं न्हाई, तुज्या त्या मुकुलचं बी न्हाई. तू तळेगावाकडं हाईस तवर हाक मारली तर येशील, येवढाच धीर व्हता मला. तुजी काळजी म्हनून न्हाई लिवलं, स्नेहल. माज्यासाठी लिवलं.

रतन