खाडाखोडीसकट

चिमे,

तुझी आई गेली तेव्हा काकाने लिहिलं होतं, ‘दादा, वहिनीच्या मातीला पोचलो नाही, माफ कर. तुझ्याकडे येऊ का?’ सात वर्षं झाली, मी उत्तर दिलं नाही. रागावलो नव्हतो गं. मुद्रितशोधकाची जन्माची खोड, त्याच्या पत्रावरच लाल पेन्सिल फिरवली. मग लाज वाटली, आणि माझंही एक वाक्य पाठवण्याजोगं वाटेना. मसुदे लिहायचो, फाडायचो. दारावरची घंटा वाजली की मात्र वाटायचं, तोच असेल.

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाला गुडघे टेकले तेव्हा उमगलं, की प्रभूने मला कधी ‘आधी नीट होऊन ये’ म्हटलं नाही. खाडाखोडीसकट जवळ घेतलं. घरी येऊन एका दमात लिहिलं, ‘ये रे. फार आठवण येते.’ पुन्हा वाचलं नाही.

तोंडाने सांगायला जमलं नसतं, म्हणून ही चिठ्ठी. दूध तापवलंय. मागच्या पलंगावरची माझी पुस्तकं उतरवायला हवीत, तो निजेल कुठे? मी बागेत बसतो जरा.

पत्र पेटीत टाकलं. हात घालून परत काढता येत नाही, तेही करून पाहिलं.

बाबा