मांडीवर ठेवलेले हात

१४ तारीख, शुक्रवार

दादा,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, हात धजला नाही. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. मेल केली नाही, कारण हॉस्पिटलचा संगणक विभाग तुझ्याकडे, ऑफिसच्या मेलच्या चाव्याही तुझ्याच खिशात. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र हातोहात पाठवतेय.

तुझा अहवाल काल माझ्या हातात पडला. "दुभाषीच्या खुणा संथ व अस्पष्ट." सोमवारी समिती हेच वाचून मला घरी पाठवणार. धन्य आहे तुझी. आईला ऐकू येत नाही, म्हणून आपण दोघं बोलायच्या आधी खुणा शिकलो. आणि माझे हात संथ?

ज्या व्हिडिओ कॉलवरून हा अहवाल, त्यात डॉक्टर एका ऐकू न येणाऱ्या रुग्ण बाईंना सांगत होते, ऑपरेशनआधी रक्त पातळ करायची गोळी घेऊ नका. मी तशा खुणा केल्या. गोळीची खूण पोचली आणि शेवटच्या नकाराआधी चित्र अडकलं. बाईंनी गोळी घेतली. ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं, तक्रार माझ्या नावावर आली.

चित्र का अडकतं हे तुला मी सांगायचं? सगळ्यांचे संगणक मुख्य कार्यालयात नेऊन ठेवायची टूम तुझीच. आमच्या टेबलावर उरली एक स्क्रीन आणि तिला जोडलेला एक छोटा डबा. समोरच्या इमारतीतल्या रुग्णाशी बोलायचं, तरी माझं चित्र आधी मुख्य कार्यालयात जाऊन रांगेत उभं राहणार, मग रुग्णाकडे पोचणार. बोलणाऱ्यांचं निभावून जातं. आवाज तुटला तर "काय म्हणालात" विचारतात. खुणांचं तसं नसतं, एक खूण गळली तर ती गळली हेच समोरच्याला कळत नाही. हे तुला तरी कळायला हवं होतं.

परवा तुझ्याच विभागातल्या टेक्निशियन बाईंनी माझ्या टेबलाशी बसून एक सेटिंग बदललं. संगणक तिकडेच राहिला, कॉलचं चित्र मात्र माझ्या डब्यातून थेट रुग्णाकडे. दिवसभरात एकदाही अडकलं नाही. बाई सहज बोलून गेल्या, "मोठ्या साहेबांच्या बैठकीच्या खोलीत हे वर्षभर चालू आहे की. तुमच्या दादांनीच करून दिलंय."

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. तुझी व्यवस्था चुकली असं कुणी म्हणू नये, म्हणून बहिणीचे हात चुकीचे ठरवलेस. तुझा राग येतो, दादा, आणि किळसही. सोमवारी समिती बसायच्या आत अहवाल बदल. गोडीत सांगत नाहीये.

एक गोष्ट लिहायची नव्हती. दर रविवारी आईशी व्हिडिओ कॉल असतो, त्यात तू हात मांडीवर ठेवून बसतोस. बायकोमुलांसमोर खुणा करायची लाज वाटते तुला. आई मला विचारते, हा हलत का नाही? दोन वर्षं मी सांगतेय, त्याची स्क्रीन अडकते. तुझ्यामागे पंख्याने पडदा हलत असतो.

इथवर लिहिलं आणि बघते तर आई पाठीशी उभी. सगळं वाचलं तिने. रडली नाही. माझ्या खांद्यावर थोपटलं आणि हातांनी म्हणाली, "पडदा मलाही दिसतो. तू एवढं मनापासून खोटं सांगायचीस, म्हणून मान डोलवायचे."

परवा रविवार. आम्ही दोघी कॅमेऱ्यासमोर असू. या वेळी तुझ्या वतीने मी काही सांगणार नाही.

जिचे हात तुला संथ वाटले, ती
धाकटी