बिनवॉरंटीचा कॅमेरा

३ मार्च, देवळी
नवा कॅमेरा आणला. नागपूरच्या दुकानातून, परस्पर परदेशातून आलेला. कंपनीच्या विक्रेत्यापेक्षा चाळीस हजारांनी स्वस्त. दुकानदार म्हणे, "ताई, माल तोच आहे. फक्त कंपनीची वॉरंटी नाही. काही झालं तर मी बसलोय ना." चार्जरची पिन आपल्या बोर्डात बसत नाही.
बाबांनी डबा उलटसुलट करून पाहिला. "पक्कं बिल भेटलं ना, ज्योती?"
"हो."
तोंडातून निघून गेलं. तीस वर्षं स्टुडिओ चालवला या माणसाने, एक वस्तू बिनबिलाची घेतली नाही. आता उजवा हात थरथरतो म्हणून लग्नांचे फोटो मी काढते. कॅमेरा कोणता घ्यायचा हेही माझ्यावरच सोडलं होतं. मग खोटं काऊन बोलली मी?

११ मार्च
जाम गावातलं लग्न. हॉलमध्ये धड लाइट नाही, तरी फोटो काय आले! बाबांनी सगळे पाहिले. "बरे आहेत." त्यांच्याकडून हे फार झालं. बिलाचं उद्या सांगते.

१२ मार्च
नाही सांगितलं.

१८ मार्च
पिपरी मेघेला हळद. नवरीच्या आजीने तिच्या गालाला हात लावला आणि स्क्रीन काळी. शटर अर्ध्यात अडकलं. बॅटरी काढली, घातली. काही नाही. बाकीचं जुन्या कॅमेऱ्यावर उरकलं. घरी आल्यावर नवा आपोआप सुरू. हे जास्त वाईट. आता भरवसा कशावर ठेवू?

२० मार्च
बँकेत जाते सांगून नागपूरला गेलते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या मुलीने कॅमेऱ्याचा नंबर टाकला. "हा भारतात विकलेला नाही, मॅडम. आम्ही उघडणार नाही."
"पैसे घ्या ना."
"पैसे देऊनही नाही."
दुकानदाराचा सूर बदललेला. "ठेवून जा. बाहेर पाठवा लागते. दोन महिने धरा."
२८ ला वसंतकाकांच्या मुलीचं लग्न. काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. ठेवून काय करू? परत घेऊन आले.

२३ मार्च
वर्ध्यात तिघांना भाड्याने मागितला. लग्नसराई, कोणाचाच मोकळा नाही. दिवसभर तुळस, मांजर, बाबांच्या चपला, दिसेल त्याचे फोटो काढले. एकदाही अडकला नाही. 

२५ मार्च
बाबा चष्मा लावून कॅमेऱ्याखालचा नंबर मोबाइलवर टाकत बसलेले. "वॉरंटी नोंदवा लागते म्हणे. कंपनीची साइट हा नंबर घेऊनच नाई राह्यली. बिल आण बरं."
सांगितलं. सगळं. नागपूरचंसुद्धा.
बाबांनी चष्मा काढला. मग, "स्वस्तातला घेतला, त्याचं काही नाई. मले काऊन फसवलं?"
बाबा रात्री जेवले नाहीत.

२७ मार्च
 आज बाबा एवढंच बोलले,
"उद्या जुना मी घेतो."
"बाबा, तुमचा हात..."
"घेतो म्हटलं ना."

२८ मार्च
 मंगलाष्टकं सुरळीत. शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, वसंतकाका एकदम रडायला लागले, आणि माझी स्क्रीन काळी. वळले. जुना कॅमेरा हिसकावून घ्यायचा होता. बाबा खांबाला पाठ टेकून उभे, कोपर बरगडीला दाबलेलं, श्वास धरलेला. फोटो काढून राह्यले होते. मी हात पुढे केला. मागे घेतला.
नंतरचं सगळं जुन्यावरच, मी काढलं. घरी येताना म्हटलं, "दाखवा ना." बाबांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून शर्टाच्या खिशात टाकलं. "उद्या."

२९ मार्च
सकाळीच वसंतकाकांचा फोन, फोटो कसे आले म्हणून. बाबा म्हणाले, "ज्योतीले विचार," आणि फोन माझ्या हातात दिला. काका खुशीत. "अक्षतेचा एक मोठा करून देजो बाई, भिंतीवर लावतो." अर्ध्या तासात सांगते म्हटलं.
बाबांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "तूच लाव." आत नाही आले, दारातच उभे. अक्षतेचे फोटो हलले असतील तर काकांना माझ्या कॅमेऱ्याचं सांगायचं, बाबांच्या हाताचं नाही. एवढं मी ठरवलं.
लॅपटॉप सुरू झाला. कार्ड लावते.