माठातला वाळा

तीर्थरूप आईस,

वेलचेरीहून देविकाचा नमस्कार. मी बरी आहे. इथे इडली आणि उकाडा, दोन्ही भरपूर.

आपल्या गावच्या खाणीच्या ढिगाऱ्यावर गवत आलं म्हणून तू माझं कौतुक सांगत फिरतेस. चुना, शेणखत घालून तिथे वाळा लावायचा, हे मीच इथल्या गिंडीच्या ऑफिसातून सुचवलं. त्याची मुळं मातीतलं शिसं ओढून घेतात, म्हणूनच.

कुंपण घाला, पाटी लावा, हेही अहवालात होतं. खाणवाल्यांनी तेवढं पान काढलं आणि उद्घाटनाचे फोटो काढले. मी गप्प बसले. बढती जवळ आली होती.

काल तू फोनवर म्हणालीस, "तुझाच वाळा खणून आणलाय, माठात टाकलाय. पाण्याला काय वास येतो!" मी ओरडले, तर हसून फोन ठेवलास. आता उचलतही नाहीस, म्हणून हे स्पीडपोस्ट.

माठ फोड. मुळं जाळू नकोस, पिशवीत बांधून ठेव. बाबांचं पोट दुखतंय म्हणाली होतीस, ते कधीपासून?

आणि शेजारी कुणाकुणाला वाळा दिलास, ती नावं कळव. माझ्या लेकीने लावलाय, असं सांगूनच दिला असशील ना?

कौतुक नको असलेली तुझी,
देविका