वाळ्यावरचं नाव

वलगाव

लाडके रागिणी,

काल तू अकोल्याहून फोनवर म्हणाली, "आई, पोरगी अजून दवाखान्यात काचेच्या पेटीतच हाये. तू वाळ्यांवर नाव ठोकून ठेव." मी अक्षरांचे ठसे अन् हातोडी घेऊन बसली, पण बारशाआधी नाव ठोकायले हात धजेना. चांदीत एकदा बसलेलं अक्षर निघत नाही, बाई.

मंग तू धाडलेल्या फोटोत तिच्या पायाची पट्टी दिसली. तिच्यावर लिहिलं होतं, 'रागिणीचं बाळ'. तेच एका वाळ्यावर ठोकलं, जरासं वाकडं.

माहा धाक तुले दिसू नये म्हणून हे पत्र आता धाडत नाही, वाळ्यांच्या डबीतच ठेवते. दुसरा वाळा कोरा हाये. तिले घेऊन लवकर घरी ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुही आई मनकर्णा