देवदाराला देवदारच म्हणणार

४ नोव्हें.
बी.एस्सी. सोडून तीन महिने. मस्तगडला सेठजींच्या अत्तराच्या दुकानात वास घेऊन राह्यलो. घरी शहागडला वाटतं, पोरगं वाया गेलं. वाटू दे.
आज कागदाच्या पट्टीवर देवदाराचं तेल. उग्र, डोक्यात जाणारं. नाक मुरडलं तर सेठजी म्हणले, "बेटा, लगेच मत देऊ नको. उद्या सुंग."

५ नोव्हें.
सुंगलं. शेजारच्या पट्टीवरचं लिंबू कवाच उडालं. देवदार बराबर जागेवर, पेन्सिलीला टोक केल्यासारखा, गोडसर. सेठजी म्हणतात, हा खाली असला की वरचा गुलाबही टिकतो. कॉलेजातल्या वैशालीला सांगायला पाहिजे.

१४ नोव्हें.
माझं पहिलं अत्तर. देवदार, गुलाब, थोडा वाळा. आठ दिवस मुरवलं. कॉलेजच्या गेटवर वैशालीला दिलं. मनगटावर लावून म्हणते, "अरे, आमच्या बैलाला खरजेला हेच लावतात." मैत्रिणी खिदळल्या. म्हणलो, उद्या सकाळी वास घे, मंग बोल.
"उद्या पाहुणे येऊन राह्यलेत मला बघायला. इंजिनिअर."
सायकलच्या चेनसारखं डोकं फिरलं.

१५ नोव्हें.
तिचा मेसेज. "सकाळी बरा वाटला वास." पाहुण्यांबद्दल एक अक्षर न्हाई. मीपण विचारलं न्हाई.

२१ नोव्हें.
चंदनाच्या बाटल्या भरल्या. अर्धा देवदार. म्हणलो, लेबलवर देवदाराचं नाव तरी लिहू. सेठजी म्हणले, "देवदार मागायला कोण येतं, बेटा? चंदन म्हणलं की घेतात." शिकवलं यांनीच, म्हणून जास्त लागलं.

२६ नोव्हें.
वैशालीची आई दुकानात, फोटोत बघितलेली. भोकरदनहून, वैशालीच्या साखरपुड्याच्या खरेदीला. म्हणजे इंजिनिअरशी जमलं. मला ओळखत न्हाईत. चंदन मागितलं. सेठजी म्हणले, दे. बाटली त्यांच्या हातात दिली.
"काकू, यात अर्धा देवदार हाय."
त्या बाटली ठेवून गेल्या. खरं बोललो का साखरपुड्यावर राग काढला? दोन्ही.
सेठजी एवढंच म्हणले, "उद्या ये. तोंड घरी ठेवून ये."

२७ नोव्हें.
गेलो. तोंड घेऊनच. सेठजींनी बिलकुल बघितलं न्हाई, पण हाकललं पण न्हाई.
दुपारी वैशालीचा मेसेज: "आई विचारते, दुकानातला तो पोरगा कोणाचा? काय सांगू?"
लिहिलं, सगळं सांग. नाव, गाव, अर्ध्यात सोडलेलं बी.एस्सी. सुद्धा. आणि तुझ्या मनात कोण ते तू सांग.
वाचलंय तिनं. साखरपुडा रविवारी.