परातीतला सूर्य

सिलोन, २० जून १९५५

चि. सौ. द्वारका हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

लेकीकडे मी सुखरूप आहे. आज सकाळी खग्रास ग्रहण पाहिलं. जावयांनी पुठ्ठ्याला सुईने भोक पाडलं आणि भिंतीवर पडलेली सूर्याची कोर आम्ही पाठमोरे बघत बसलो. सूर्य पूर्ण झाकला तेवढी तीन-चार मिनिटंच वर पाहिलं. भरदिवसा चांदणी, घरट्याकडे निघालेले कावळे! शाळेतल्या साऱ्या कविता ओठांवर आल्या. कड उजळताच पुन्हा पाठ फिरवली.

मग मी कौतुकाने सांगितलं, डोंबिवलीजवळच्या आपल्या कोपर गावच्या अंगणात आपण परातीत हळदीचं पाणी घालून त्यात ग्रहण बघायचो. जावई दचकलेच. "अहो नाना, हळदीच्या पाण्यातला सूर्यही डोळा जाळतो!"

द्वारके, तो प्रकार तुला मीच शिकवला गं. तिकडे तुझ्या डोंबिवलीत सूर्य अर्धामुर्धाच झाकला असणार, म्हणजे सारा वेळ धोका. आभाळ भरलेलं होतं ना? परात काढली नाहीस ना? डोळा दुखत नाही म्हणे, नुसता मधोमध डाग दिसतो. तुझी गोधडी अर्धी राहिली होती. सुईत दोरा ओवून बघ.

उत्तर कुणाकडून लिहवून घेऊ नकोस. दोनच ओळी लिही, पण तुझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात.

टपालाकडे डोळे लावून बसलेला,
तुझा दादा